सहा पदरी शीड

जयगड,
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय कुंदा,

तुझं दिवाळीचं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण विशेष काही नाही.

आज एका कामासाठी लिहिते आहे. काम माझं नाही. आमच्या मोहल्ल्यात एक बाई आहे, आपल्याच वयाची. शिवणकाम करते. होड्यांना इंजिनं आल्यापासून घरोघरी माळ्यांवर जुनी शिडं पडून आहेत. ती कापून ही बाई शाळेच्या मुलांसाठी दप्तरं शिवते. शिडाचं कापड मुलांच्या हातूनसुद्धा फाटत नाही, म्हणून खाडीपलीकडल्या शाळाही मागणी करतात.

ऑगस्टात जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीला डॉक्टरांनी जोडलं. आता ती काठीनं चालते, पण मशीनचं पायडल मारता येत नाही. डाव्या एकट्या पायानं मारलं की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. म्हणून रत्नागिरीच्या एका शिंप्याकडून विजेची मोटर आणून बसवली. आमची वीज तुला ठाऊक नाही. संध्याकाळी बल्बातली तार तेवढी लाल दिसते, तेव्हा मोटर नुसती गुणगुणते. दुपारी मात्र अशी सुटते, की परवा सुई त्या बाईच्या बोटाच्या नखातून आरपार गेली आणि आणखी दोन टाके घालून मग थांबली. टाके सरळ होते.

तिचा मुलगा शारजाला असतो. पडल्याचं त्याला कुणीतरी कळवलं. त्यानं लिहिलं, मशीन चालवता येत नसेल तर जयगडात एकटी बसून काय करणार? तिनं उत्तर धाडलं, मशीन उत्तम चालते, आठवड्याला वीस दप्तरं होतात. आता तो ईदला, म्हणजे मेअखेरीस, सुट्टीवर येणार आहे. मशीन बंद दिसली की घर बंद करून तिला मुंब्र्याला सुनेकडे नेणार. सून चांगली आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्या खिडकीतून दुसऱ्या फ्लॅटची खिडकी दिसते.

तू सव्वीस वर्षं कारखान्यात रेडिओ जोडलेस. त्या बाईसाठी काही करता येईल का?

तुझी,
अजरा


पुणे,
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय अजरा,

त्या बाईचं वाचून वाईट वाटलं. बोर्डिंगात असल्यापासून तू स्वतःसाठी माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. दुसऱ्यासाठी मागतेस हे तुझ्या स्वभावाला धरूनच आहे, तेव्हा त्याबद्दल मी विचारत नाही. मशीनबद्दल विचारते.

तिच्या मशीनच्या चाकाचा व्यास मोजून कळव. शिडाचे जास्तीत जास्त किती पदर एकावर एक येतात तेही कळव. विजेचा नाद सोडून देऊ या. तुझ्या दिराच्या लाँचची बारा व्होल्टची बॅटरी मिळेल का? त्या बाईची आणि तुझ्या दिराची ओळख असेलच.

एक आधीच सांगते. मी कधी काही डिझाइन केलेलं नाही. डिझाइन करणारे वेगळे असत, टाय लावून वर बसत. आम्ही खाली सोल्डरिंग करायचो. पण त्यांनी चुकीचं काढलेलं सव्वीस वर्षं माझ्याच टेबलावर परत यायचं, त्यामुळे काय काय चुकू शकतं ते मला पाठ आहे.

जुन्या बाजारात कुठल्याशा मोडक्या यंत्रातली बारा व्होल्टची एक मोटर पाहून ठेवली आहे. बरोबर एक मोठा रेझिस्टन्स लावून देते. त्याची मूठ फिरवली की वीज कमी जाईल आणि मोटर हळू चालेल. शाळेतल्या पुस्तकात असंच होतं.

नखाला तिनं काय लावलं आहे? पाण्यात हात घालू नये म्हणावं.

तुझी,
कुंदा


जयगड,
१७ डिसेंबर १९८६

प्रिय कुंदा,

मोटर एस.टी.च्या पार्सलानं सुखरूप आली. लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा भिकाजी आहे, त्यानं ती मशीनला बसवली. बॅटरी दिरांनी दिली, ती लाँचीवर चार्जही करून देतात. चाक सव्वापाच इंच. पदर दप्तराच्या पट्ट्याजवळ सहा येतात.

एक पदरी कापडावर मोटर गुणी मुलीसारखी चालली. गंगुबाई शेजारून बघायला आली होती. ती म्हणाली, "ही तर म्हाताऱ्या बैलासारकी चालतंय गो, बरी हाय." मग सहा पदर सुईखाली घातले आणि सुई पहिल्याच टाक्याला अडकून उभी राहिली. मूठ थोडी फिरवली, काही नाही. आणखी थोडी, काही नाही. आणखी थोडी फिरवल्यावर सुई एकदम सुटली, सहाही पदर ओलांडून रिकाम्या जागी धावली आणि मोडली. अशा अकरा सुया मोडल्या. बाराव्या सुईला भिकाजी म्हणाला, "बाय, आता थांब. सुया संपल्यावर मी काय खिळं देऊ?"

तुझा रेझिस्टन्स मात्र फार तापतो. गंगुबाई त्याच्यावर पापड भाजून बघणार म्हणते. मी नको म्हटलं आहे, पण ती कुणाचं ऐकत नाही.

त्या बाईचं नख बरं आहे. अर्धं गेलं.

तुझी,
अजरा


पुणे,
३० डिसेंबर १९८६

प्रिय अजरा,

चूक माझी. मोटरला कमी वीज दिली की तिचा वेग जातो आणि त्याच्याबरोबर जोरही जातो. त्या बाईला वेग कमी हवा आहे आणि जोर पुरता हवा आहे. पुस्तकात सहा पदरी शीड नव्हतं.

आठ दिवस विचार केला, आणि मला बोर्डिंगातली शिवणाची सिस्टर बेनेदिक्ता आठवली. पहिल्या वर्षी ती आपल्याला फक्त धावदोरा घालायला लावायची, आणि टाका चुकला की अंगुस्तान घातलेल्या बोटानं डोक्यावर टकटक करायची. धावदोऱ्यात दोरा सगळीकडे सारखाच जाड असतो. तो थोडा वेळ वर दिसतो, थोडा वेळ कापडाखाली जातो. वर किती आणि खाली किती, तेवढंच आपल्या हातात.

तसंच करायचं. वीज बारीक करायची नाही. पूर्ण द्यायची, मग पूर्ण तोडायची, पुन्हा पूर्ण द्यायची, सेकंदाला तीनशे वेळा. दोरा वर असेल तेव्हा वीज चालू, खाली असेल तेव्हा बंद. वरचा भाग आखूड ठेवला की मोटर हळू चालेल, लांब ठेवला की जोरात. पण प्रत्येक धक्का पूर्ण बारा व्होल्टचा, म्हणून सुई शिडात अडकणार नाही. इंग्रजीत याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. टायवाले हे नाव घेताना आवाज खाली आणत.

यासाठी आठ पायांचा एक लहान काळा चिप मिळतो, तो हे टाके मोजतो. त्याच्यापुढे एक दणकट ट्रान्झिस्टर लागतो, वीज जोडायला आणि तोडायला. तीन-चार बारीकसारीक वस्तू आणखी. सगळं माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसवते. कारखाना सुटल्यापासून तो रिकामाच आहे.

समजलं नसेल तर विचार. त्या बाईलाही समजायला हवं, उद्या ती चालवणार आहे.

कुंदा


जयगड,
२१ जानेवारी १९८७

प्रिय कुंदा,

समजलं की नाही ते सांगण्यापेक्षा करून पाठवते. सोबत पांढऱ्या कापडाचा तुकडा आहे. निळ्या दोऱ्याच्या तीन ओळी आहेत. वरची हळू, मधली मध्यम, खालची जोरात. तपासून परत पाठव.

आता तुझी चूक. वेगाची मूठ तू हातानं फिरवायची ठेवली आहेस. शिवताना दोन्ही हात कापडावर असतात, कुंदा. डावा पुढे धरतो, उजवा मागून सोडतो. तिसरा हात मला अल्लानं दिलेला नाही. तू सिस्टरच्या तासाला एकही नमुना पुरा केला नाहीस, माझेच दाखवायचीस, त्यामुळे तुला हे सुचलं नसणार. उजव्या पायाचं तर विचारूच नको. डावा गुडघा मोकळा आहे.

भिकाजी म्हणतो, गुडघ्याशी लाकडाची फळी बसवू आणि सायकलच्या ब्रेकच्या तारेनं ती मुठीला जोडू. गुडघा दाबला की वेग वाढेल, सोडला की स्प्रिंगनं मूठ मागे येऊन मोटर थांबेल.

इथे थंडी नाही. रशीदचं पत्र आलं. तिकीट काढलं म्हणतो, २३ मे.

तुझी,
अजरा


पुणे,
२४ फेब्रुवारी १९८७

प्रिय अजरा,

गुडघ्याचं मान्य. त्या बाईचा डावा गुडघा मशीनवर बसल्यावर जमिनीपासून किती इंचांवर येतो ते मोजून भिकाजीला दे. मला कळवायची गरज नाही. तुझ्या पत्रातली एक-दोन वाक्यं घाईत लिहिलेली दिसतात, ती मी वाचलेली नाहीत.

आता तुझं भरतकाम. देखणं आहे. चूक आहे. तिन्ही ओळींत वर दिसणारे टाके तू अगदी एकसारखे घातलेस आणि मधली जागा कमी-जास्त केलीस. सिस्टरनं शंभर गुण दिले असते. मी शून्य देते. वेग हळू असताना तुझे टाके इतके दूर पडतात, की मोटर दोन टाक्यांच्या मध्ये झोपी जाईल आणि दर वेळी दचकून उठेल. टाका आणि जागा मिळून लांबी कायम राहिली पाहिजे, समज गव्हाच्या एका दाण्याएवढी. त्या दाण्यात वर किती आणि खाली किती, एवढंच बदलायचं. हळू असेल तेव्हा पाव दाणा वर, पाऊण खाली. तुकडा परत पाठवते आहे. उसवून पुन्हा घाल.

डबा तयार आहे, याच पार्सलात आहे. माझ्या टेबलावर चार तास चालवून पाहिला. लाल तार बॅटरीच्या अधिक खुणेला, काळी उण्याला. उलटं लावू नका, एकदा उलटं लावलं तर दुसऱ्यांदा लावायला काही उरणार नाही. मोटरच्या दोन टोकांना जोडलेला लहानसा डायोड भिकाजी निरुपयोगी समजून काढून टाकील, त्याला तसं करू देऊ नकोस. वीज तोडली की मोटर उलटा झटका देते, तो डायोड त्याला घरातल्या घरात जिरवतो. ट्रान्झिस्टर डब्याच्या अंगालाच स्क्रूनं बसवला आहे, त्याची उष्णता डब्यातून बाहेर पडते. डबा गरम लागेल. लागू दे.

कुंदा


जयगड,
२६ मार्च १९८७

प्रिय कुंदा,

चालली.

सविस्तर लिहिते. भिकाजीनं तारा जोडल्या, दोनदा तपासल्या, आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला. मी शिडाचे सहा पदर घातले आणि गुडघा जरासा टेकवला. डब्यातून भुंग्यासारखा आवाज आला आणि सुई खाली उतरली. सहाही पदरांतून. इतकी हळू, की पलीकडे टोक बाहेर येताना दिसलं. मग वर आली. मग पुन्हा उतरली. मी गुडघा सोडला, ती जिथल्या तिथे थांबली. मग मी पूर्ण पट्टा शिवला. गंगुबाई म्हणाली, "अगो, रडतंस काय? मोटार तर चाललीय." मी रडत नव्हते. शिडाचं मीठ डोळ्यात गेलं होतं.

त्या दिवसापासून सदतीस दप्तरं झाली.

त्या बाईबद्दल मला काही सांगायचं होतं. पण तू नखाची चौकशी केलीस तेव्हाच तुला ठाऊक आहे हे मला कळलं, आणि मला कळलं हे तुला कळलं असेल. तेव्हा ते राहू दे. पडले तेव्हा पायरीवर पाऊण तास तशीच पडून होते, तेवढं तुला सांगायचं राहिलं होतं. हाका मारायला संकोच वाटला. गंगुबाई कपडे वाळत घालायला आली तेव्हा तिला दिसले.

उसवून पुन्हा घातलेला तुकडा आता बरोबर आहे. तो वाया घालवलेला नाही, उपयोगात आणला आहे. तुझा डबा तसा उघडाबोडका बरा दिसत नव्हता.

तुझी,
अजरा


जयगड,
४ मे १९८७

प्रिय कुंदा,

कार्डावर लिहिते आहे, लवकर पोचेल. डबा बंद पडला. काल दुपारी नव्या मागणीतलं चौदावं दप्तर चालू होतं. गुडघा दाबला न दाबला, मोटर एकदम पूर्ण वेगानं सुटली. भिकाजीनं तार उपटली तेव्हा थांबली. आता जोडली की लगेच सुटते, गुडघ्याचं ऐकत नाही. कारण काही नाही. सगळं होतं तसंच आहे.

रोजे चालू आहेत. रशीद २३ ला पोचतो. शिडाची एकोणसत्तर दप्तरं कापून ठेवली आहेत, शिवायची आहेत.

अजरा


पुणे,
१० मे १९८७

प्रिय अजरा,

ट्रान्झिस्टर गेला. तो असाच जातो, जाताना विजेचं दार उघडं टाकून जातो. का गेला ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

असाच दुसरा डबा मी इथे जोडला. काल सहा तास चालवला. मोटरीच्या चाकाला कापड बांधून अडवून पाहिलं. हात लावल्यावर चटका बसत नाही इतपतच तापतो. हिशेबानं तो दहा वर्षं चालायला हवा. खारी हवा म्हणावी, तर दीड महिन्यात ट्रान्झिस्टर खाण्याइतकी खारी हवा जयगडात असती तर तुझ्या सुयाही राहिल्या नसत्या. बॅटरी दुसरी लावलीत का? डायोड जागेवर आहे का? डब्यात पाणी, मुंगी, पाल? नीट आठवून खरं सांग. मी रागावणार नाही. सव्वीस वर्षं पोरी मला "आपोआप झालं बाई" असंच सांगायच्या.

सोबत दोन ट्रान्झिस्टर रजिस्टरनं धाडते. भिकाजीला बसवता येईल. मात्र कारण तसंच राहिलं तर हेही जातील, म्हणून कारण सापडेपर्यंत बसवू नका.

मी स्वतः आले असते. १४ तारखेला माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पुढे ढकलू का म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आता ढकललं तर पुढची तारीख दिवाळीनंतर. तू सांगशील तर ढकलते.

कुंदा


जयगड,
२७ मे १९८७

आदरणीय कुंदामावशी यांस,

सलाम व नमस्कार. मी रशीद, अजराचा मुलगा. आपण मला सहा वर्षांचा असताना पाहिलं होतं. तुमच्या ऑपरेशनचं अम्माला विचारलं, ती म्हणाली व्यवस्थित झालं असेल, कुंदाचं सगळं व्यवस्थित असतं. ढकलू नका अशी तार तिनं तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी केली होती.

मी शनिवारी आलो. मशीन बंद, बाजूला कापलेल्या शिडांचा ढीग. अम्मा म्हणाली, रोजा आहे म्हणून विश्रांती घेते. रोज्यात विश्रांती घेताना मी तिला जन्मात पाहिलेलं नाही. मशीनशेजारी एक वस्तू होती. वर क्रोशाचं कव्हर, त्याला चारी बाजूंनी झालर, पुढच्या अंगाला निळ्या धावदोऱ्याच्या तीन ओळी भरलेला पांढरा तुकडा, आतून जुन्या मखमलीचं अस्तर. मला वाटलं कुराणशरीफ ठेवलंय. उघडलं तर आत जेवणाचा डबा.

मावशी, मी अकरा वर्षं शारजात एअर कंडिशनिंगचं काम करतो. लोकांच्या घरातली गरमी बाहेर काढायची, हाच माझा धंदा. मी अम्माला विचारलं, "हे कधी घातलंस?" ती म्हणाली, "मार्चमध्ये." मी विचारलं, "मखमल?" ती म्हणाली, "ती एप्रिलात. नुसत्या क्रोशातून धूळ जाते." मी म्हटलं, "अम्मा, मे महिन्यात तू डब्याला स्वेटर घातलास." ती म्हणाली, "रेडिओलाही आहे. रेडिओ कुठे बिघडला?" मी कव्हर काढून तिच्या हातात दिलं. मग ती म्हणाली, "कुंदाला तू लिही. मला लाज वाटते."

तुम्ही पाठवलेला ट्रान्झिस्टर मी बसवला. अम्मा मशीनवर बसली. सुई सहा पदरांतून गेली. मी म्हटलं, परत चालव. तिनं परत चालवली. असं सात वेळा झालं. मग ती म्हणाली, मला काम आहे, तू बाजूला हो.

आता मुद्द्याचं. मी घर बंद करायचं ठरवूनच आलो होतो. मुंब्र्याला आसियानं खोली तयार ठेवली आहे, पलंग घेतला आहे. मशीन चालली याचा मला आनंद आहे, पण मशीन चालली म्हणून माझी झोप परत येत नाही. अम्मा पाऊण तास पडून होती हे मला इथे गंगुबाईनं सांगितलं. नऊ महिन्यांत अम्माच्या पत्रात ते नव्हतं. उद्या डबा जुलैत बंद पडला आणि मी शारजात असलो तर कोण बघणार? तुम्ही तो केलात, तेव्हा तुम्हीच सांगा. किती दिवस चालेल? अम्माला बरं वाटावं म्हणून लिहू नका. खरं लिहा. मी ९ जूनला निघतो, तुमच्या उत्तरावर ठरवीन.

आपला,
रशीद मुकादम


पुणे,
२ जून १९८७

चि. रशीद यास,

अनेक आशीर्वाद. ईद मुबारक. एका डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून अक्षर मोठं आहे. रागावले आहे असं समजू नये.

मखमलीचं वाचून मला फार बरं वाटलं. आता जेवण जाईल. माझा दोष एवढाच, की डबा गरम लागू दे असं लिहिलं, झाकू नकोस असं लिहिलं नाही. झाकायचं कुणाला सुचेल असं मला वाटलं नाही. अजराला मी बेचाळीस वर्षं ओळखते, वाटायला हवं होतं.

तू खरं विचारलंस. कव्हर काढून ठेवलं तर ट्रान्झिस्टर दहा वर्षं जाणार नाही. वेगाची मूठ दोन-तीन वर्षांत खाऱ्या हवेनं खरखर करू लागेल, ती बदलावी लागेल. बॅटरी तीन वर्षं. डब्याचा नकाशा सोबत काढून देते. दुसरा डबा, जो मी इथे जोडला, तोही पार्सलानं धाडला आहे. एक बिघडला तर भिकाजीनं दुसरा लावावा. बिघडलेला तुझ्या अम्मानं उघडावा. जिला भरतकाम येतं तिला सोल्डरिंगचा डाख लावायला शिकायला अर्धा दिवस पुरेल. कारखान्यात मी दोनशे मुलींना शिकवलं, त्यातल्या एकीचाही हात तिच्याइतका स्थिर नव्हता.

डब्याची हमी मी देते. अजराची मला देता येत नाही. ती पुन्हा पडणार नाही असं लिहिलं तर ते तिला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं होईल, आणि ते तू नको म्हटलं आहेस. मुंब्र्यात ती पडणार नाही असंही मला लिहिता येत नाही. ती ज्या पायरीवरून पडली ती पायरी अजून तशीच आहे का, हे तुझ्या पत्रात नाही. अकरा वर्षं लोकांची घरं बघतोस, ती पायरी एकदा बघ. आणि हाक मारायला तिला संकोच वाटतो, त्यावर तुमच्या धंद्यात काही उपाय असेल तर तोही कर.

यापेक्षा जास्त मला खरं माहीत नाही.

तुझी,
कुंदामावशी


जयगड,
१० जून १९८७

प्रिय कुंदा,

रशीद काल सकाळच्या गाडीनं गेला.

तुझं पत्र आलं ते त्यानं पडवीत उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पायरीकडे गेला. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग वाडीतून केरू गवंड्याला घेऊन आला. दोघांनी मिळून चारही पायऱ्या उपटल्या, नवीन चिरे बसवले, वर छिन्नीनं खाचा पाडल्या आणि एका बाजूनं लोखंडी नळाचा कठडा घातला. कठड्याला विजेच्या घंटीचं बटण आहे. तसंच एक न्हाणीघरात आणि एक पलंगाशी. तारा गंगुबाईच्या ओटीवर गेल्या आहेत, घंटी तिच्याकडे वाजते, आणि चालते आपल्याच बॅटरीवर. पहिल्या दिवशी त्यानं मला ती चार वेळा वाजवायला लावली. गंगुबाई चारही वेळा धावत आली आणि चौथ्या वेळी म्हणाली, "आता खरंच पड एकदाची, नायतर मी यायची नाय."

मुंब्र्याचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. ईदला आसिया आणि मुलं आली होती. काल निघताना आसिया म्हणाली, "अम्मी, पलंग तसाच ठेवते, कंटाळा आला की या." मी बरं म्हटलं. दिवाळीत आठ दिवस जाईन.

जायच्या आदल्या दिवशी तो पेटी भरत होता. तळातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. कुलूप होतं, पितळी, माझ्या तळहाताएवढं. मुंबईला उतरल्यावर घेतलेलं. त्यावर दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच होती. त्यानं ते हातात धरलं. मी कपड्यांच्या घड्या करत होते, मी घड्याच करत राहिले. घराच्या दाराची कडी त्यात मावली असती. थोड्या वेळानं तो उठून बाहेर गेला. बॅटरीसाठी सुताराकडून त्यानं लाकडाची पेटी करून घेतली होती, वाऱ्याला भोकं ठेवलेली. तिला त्यानं कडी ठोकली आणि ते कुलूप घातलं. म्हणाला, "बंदरावर बॅटऱ्या चोरीला जातात." आमच्याकडे आजवर कधी बॅटरी चोरीला गेलेली नाही. मी म्हटलं, "हो, जातात."

दोन किल्ल्या होत्या. एक त्यानं मला दिली, एक तो शारजाला घेऊन गेला.

काल दुपारी मी माझा पहिला डाख लावला. भिकाजीनं तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "बाय, ह्यो डाख हाय की गुळाचा खडा?" आज दुसरा लावला, तो त्यानं बघितला आणि पुढची तार माझ्या हातात दिली.

उद्या सकाळी खाडीपलीकडच्या शाळेचा माणूस पहिल्या लाँचीनं दप्तरं न्यायला येणार आहे. सहासष्ट झाली. तीन दप्तरांचे पट्टे राहिलेत, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
अजरा